तायक्वांदो शिकायचंय? वय सहा असो वा साठ, सुरुवात अशी करा

तायक्वांदोचा क्लास लावायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, "ब्लॅक बेल्ट किती दिवसांत मिळतो?" विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: लाथ मारताना जमिनीवर टेकलेला पाय कसा ठेवायचा, हे इथे कोण शिकवतं आणि किती वेळ देऊन शिकवतं? हवेतला पाय सगळ्यांना दिसतो, फोटोतही तोच येतो. पण गुडघा शाबूत राहतो की दुखावतो, तोल टिकतो की जातो, लाथेत जोर येतो की ती नुसतीच फिरते, हे सगळं खालच्या पायावर ठरतं. सहा वर्षांच्या मुलालाही हे लागू आणि साठीतल्या आजींनाही. पहिल्या सहा महिन्यांत काय करायचं आणि काय टाळायचं, ते पुढे क्रमानं दिलं आहे.

१. आपण नेमकं काय शिकणार आहोत, ते आधी समजून घ्या

'ते' म्हणजे पायाचा प्रहार, 'क्वोन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग. १९४५ मध्ये कोरियावरची जपानी राजवट संपली, त्या सुमारास सेऊलमध्ये 'क्वान' नावाच्या शाळा उभ्या राहत होत्या. आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखंच प्रत्येकीचं वळण वेगळं होतं. त्यांच्या बऱ्याच गुरूंनी जपानी कराटे शिकलेलं होतं. या सगळ्यांना एका नावाखाली आणण्यासाठी १९५५ मध्ये 'तायक्वांदो' हे नाव पुढे आलं. म्हणजे आज क्लासमध्ये शिकवतात ती घडी विसाव्या शतकातली आहे. दोन हजार वर्षांच्या अखंड परंपरेच्या गोष्टी कुणी सांगितल्या तर शांतपणे ऐकून घ्या, पण त्यावर क्लास निवडू नका. कोरियाची जुनी विद्या पाहायची असेल तर 'तेक्क्यॉन' पाहा. अंग झुलवत, पायांची लय धरत खेळायचा हा प्रकार २०११ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. कंबर आणि मांडीला बांधलेला कापडी पट्टा धरून खेळतात ती कोरियन कुस्ती म्हणजे 'स्सिरुम'. तिची नोंद २०१८ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियानं मिळून केली. आपल्याकडे मात्र सहज शिकायला मिळतं ते तायक्वांदोच.

त्यातही दोन मुख्य प्रवाह आहेत आणि नवख्या माणसाची पहिली फसगत इथेच होते. एक ऑलिम्पिकचा: सेऊलचं कुक्कीवोन (१९७२) हे त्याचं मुख्य केंद्र आणि वर्ल्ड तायक्वांदो (१९७३) ही त्याची खेळ-संघटना. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून पदकं मिळतात ती याच प्रकारात. दुसरा आयटीएफचा (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन), १९६६ मध्ये चोई होंग ही यांनी सुरू केलेला. पहिल्यात रंगीत पट्ट्यांसाठी 'तेगुक' नावाचे आठ पूमसे (ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली) असतात आणि लढतीत डोक्यावर ठोसा चालत नाही. दुसऱ्यात तशाच हालचालींचे एकूण २४ 'तुल' असतात आणि हातमोजे घालून डोक्यावरही ठोसा मारता येतो. दोन्ही चांगले आहेत, पण एकातला पट्टा दुसऱ्यात जसाच्या तसा धरला जात नाही. वडिलांची बदली होणार असेल, मूल पुढे शिकायला दुसऱ्या शहरात जाणार असेल, तर "सर, आपला क्लास कुठल्या पद्धतीचा?" हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पुढचं सगळं कुक्कीवोन पद्धतीला धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक क्लासमध्ये तीच चालते.

२. वयाप्रमाणे अपेक्षा ठेवा

पाच ते आठ वर्षं: पाऊण तासाच्या पुढे लक्ष टिकत नाही. या वयात धावणं, उड्या, तोल, डावं-उजवं आणि रांगेत थांबणं एवढं जमलं तरी खूप झालं. कुणी मुलाच्या मांड्यांवर बसून स्प्लिट करवत असेल, फळी फोडायला लावत असेल किंवा डोक्यावर लाथा मारण्याची लढत खेळवत असेल, तर मुलाला तिथून काढा. कोरियात हजारो मुलं शाळा सुटली की थेट डोजांगच्या, म्हणजे तायक्वांदो क्लासच्या, गाडीत बसतात. तिथेही लहानांच्या वर्गाचा बराचसा वेळ खेळातच जातो.

नऊ ते पंधरा: उंची भराभर वाढते तेव्हा हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग नाजूक असतो. टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखत असेल, तर "सवय होईल" म्हणून ढकलू नका. काही आठवडे उड्या आणि कडक फरशीवरचा सराव बंद ठेवून पूमसे चालू ठेवता येतात. दुखणं थांबत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तिशी ते पन्नाशी: मन पंचविशीचं आणि मांडीच्या मागची शीर खुर्चीची. या वयातल्या दुखापती बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतच होतात: अंग गरम न करता उंच लाथ मारली की मांडीची शीर, पोटरी किंवा टाचेवरची दोरी ताणली जाते. पहिले दोन महिने कमरेच्या वर लाथ न्यायचीच नाही, असा नियम स्वतःला घाला.

साठी आणि पुढे: तोल, पायांची ताकद आणि पाठांतर या तिन्हींसाठी पूमसे उत्तम. पूमसेच्या जागतिक स्पर्धांत ६५ वर्षांवरच्यांचाही वेगळा गट असतो. रक्तदाब, हृदय किंवा सांधेबदलाची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांची लेखी संमती घ्या. मधुमेह असेल तर सराव अनवाणी असतो हे लक्षात ठेवा आणि रोज रात्री तळवे उजेडात तपासा, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. ताकद लावताना श्वास कोंडू नका. 'किहाप', म्हणजे प्रहाराबरोबरची ती मोठी आरोळी, श्वास बाहेर सोडण्यासाठीच असते.

३. क्लास निवडण्याआधी एक पूर्ण तास बसून पाहा

भिंतीवरच्या ट्रॉफ्या बाजूला ठेवा आणि पुढच्या गोष्टी बघा. सर किंवा मॅडम तासाभरात किती मुलांचा खालचा पाय, गुडघा, मनगट प्रत्यक्ष दुरुस्त करतात? सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करण्यात जातात का? जमिनीवर एकमेकांत अडकणाऱ्या रबरी मॅट आहेत का, की सोसायटीच्या हॉलची उघडी फरशी? फरशीवर उभं राहणं, ठोसे, पूमसे चालतील. उड्या आणि लढत चालणार नाही. नवीन आलेल्याला वेगळं बाजूला घेऊन शिकवतात, की रांगेच्या शेवटी उभं करून "बघून कर" म्हणतात? चुकलेल्या मुलाला मारतात का? लहान मुलांच्या वर्गात पालकांना कधीही येऊन बसता येतं का? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, हे विचारल्यावर लगेच दाखवता आली पाहिजे.

पैशांचं आधीच लिहून घ्या. महिन्याची फी कमी सांगतात आणि मग परीक्षा फी, पट्टा, प्रमाणपत्र, शिबिर, स्पर्धेची प्रवेश फी असे आकडे वेगवेगळे निघतात. "वर्षभरात एकूण किती?" हा एकच प्रश्न सरळ विचारा. "एका वर्षात ब्लॅक बेल्ट" असं आश्वासन मिळालं तर तिथे जाऊ नका. पांढऱ्यापासून पिवळा, हिरवा, निळा, लाल असे रंग आणि त्यांच्या मधल्या पायऱ्या धरून दहाव्या 'गुप'पासून (काळ्या पट्ट्याआधीची पायरी) पहिल्या गुपपर्यंत यायचं असतं. नियमित सराव असला तरी काळ्या पट्ट्यापर्यंत साधारण तीन ते चार वर्षं जातात.

४. कागदपत्रं आणि सामान

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी एवढं लागतं:
- आधार कार्डाची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे तीन-चार फोटो
- मुलांसाठी जन्मदाखल्याची प्रत (स्पर्धेत वयोगट त्यावरच ठरतो) आणि पालकांचं संमतीपत्र
- शालेय स्पर्धांसाठी शाळेचं बोनाफाइड
- चाळिशीनंतर किंवा जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला

पहिला महिना ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालतो. डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा गणवेश, लगेच घ्यायची घाई नको. घेताना कोरियन पद्धतीच्या मापात आकडा म्हणजे सेंटीमीटरमधली उंची, हे लक्षात ठेवा. १२८ सेंटीमीटरच्या मुलाला १४० घेतलात तर पायजम्याची घडी घालून वर्षभर निघतं. पण १५० घेऊ नका, पायात अडकून पडतो. कापड फार जाड नको, पावसाळ्यात वाळत नाही. ओला डोबोक पिशवीत रात्रभर राहिला की त्यावर काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. जून ते सप्टेंबर दोन जोड असलेले बरे.

लढतीचं सामान (छातीचं संरक्षक, हेडगिअर, नडगी आणि हाताचे गार्ड, हातमोजे, मुलांना व पुरुषांना ग्रॉइन गार्ड, दातांचं माउथगार्ड) सहा महिन्यांनंतर. क्लासचं सामाईक हेडगिअर चालेल, पण माउथगार्ड आणि ग्रॉइन गार्ड स्वतःचेच हवेत.

५. पहिला दिवस

नखं कापून जा, हातांची आणि पायांचीही. जोडवी, पैंजण, बांगड्या, कानातले डूल, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, मनगटावरचा जाड गोफ: हे सगळं घरी ठेवा. पैंजण समोरच्याच्या डोबोकमध्ये अडकतं आणि जोडवी लाथेच्या वेळी शेजारच्या बोटाला कापते. जेवण आणि सराव यांत दोन तास ठेवा.

आत येताना वाकून नमस्कार. 'चार्योत' म्हटलं की सावधान, 'क्योंगने' म्हणजे वाकून वंदन, 'जुन्बी' म्हणजे तयार, 'शिजाक' सुरू, 'कुमान' थांबा, 'बारो' म्हणजे मूळ जागेवर या, 'श्वियो' विश्राम. मोजणी: हाना, दुल, सेत, नेत, तासत, योसत, इल्गोप, योदल, आहोप, योल. शिक्षकांना कोरियनमध्ये 'साबमनिम' म्हणतात. आपल्याकडे सर आणि मॅडमच चालतं.

पट्टा बांधणं पहिल्याच आठवड्यात शिका. पट्ट्याचा मध्य बेंबीखाली ठेवा, दोन्ही टोकं पाठीमागे नेऊन एकमेकांवरून पुढे आणा. समोर वर आलेलं टोक पोटावरच्या दोन्ही पदरांखालून घालून वर काढा आणि दोन्ही टोकं सारखी करून ओढा. आता वरचं टोक खाली आणून दुसऱ्या टोकाशी गाठ मारा. टोकं आडवी, डाव्या-उजव्या बाजूला गेली तर गाठ बरोबर. एक वर आणि एक खाली उभं राहिलं तर गाठ उलटी पडली, दहा मिनिटांत सुटेल.

६. पहिले तीन महिने: उभं राहायला शिका

तीन पवित्रे पुरतात. 'आप सोगी' म्हणजे चालता चालता थांबल्यासारखं. एक साधं पाऊल पुढे, दोन्ही गुडघे सरळ. 'आप कुबी' लांब पवित्रा: साधारण दीड पाऊल पुढे, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ, मागच्या पायाची बोटं सुमारे ३० अंश बाहेर. खाली पाहिल्यावर पुढच्या गुडघ्याची वाटी आणि पायाची बोटं एका रेषेत दिसली पाहिजेत. गुडघा त्याच्याही पुढे गेला तर भार वाटीवर येतो आणि महिनाभरात दुखू लागतो. 'जुचुम सोगी' म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं. पावलं समांतर, मध्ये आपल्याच पावलाच्या लांबीच्या दुप्पट अंतर. यात गुडघे आत कोसळतात, ते पायाच्या बोटांच्या दिशेनं बाहेर ठेवा.

आप कुबीत सगळ्यांची एकच चूक होते: दोन्ही पावलं एका दोरीवर येतात. बाजूनं हलकासा धक्का दिला की माणूस कलंडतो. पावलांच्या मध्ये रुंदीत एका मुठीएवढी जागा ठेवा.

ठोसा मारताना मूठ कमरेपासून निघते, तळवा वर. पोहोचताना मनगट फिरतं. अंगठा मुठीच्या बाहेर, बोटांवर. आत कोंबलेला अंगठा पॅडवर पहिल्याच ठोशाला दुखावतो. दुसरा हात त्याच वेळी तितक्याच जोरानं कमरेकडे ओढायचा असतो. नवशिके तो विसरतात आणि मग खांदा पुढे जातो. खालचा बचाव, 'आरे माक्की', विरुद्ध खांद्यापासून सुरू होऊन मांडीच्या वर साधारण दोन मुठी थांबतो. हात बाहेर भिरकावला तर पोट उघडं पडतं.

७. लाथ, आणि खालचा पाय

इथे घाई करू नका. 'आप चागी', समोरची लाथ, आधी. गुडघा छातीकडे उचला, पायाची बोटं मागे ओढा, चवड्यानं मारा, तितक्याच वेगानं गुडघा परत घ्या, मग पाय ठेवा. बोटं मागे ओढली नाहीत तर पॅडवर बोटंच आपटतात. गुडघा परत न घेता पाय तसाच खाली टाकला तर सगळा भार पुढे झोकला जातो.

खरी कसोटी 'दोल्यो चागी', म्हणजे वळून मारायची लाथ. यात कंबर फिरते, मांडी फिरते, आणि टेकलेला पाय फिरला नाही तर मधला गुडघा पिळला जातो. मॅटवर घामट तळवा चिकटतो तेव्हा तर नक्कीच. उपाय असा: फिरताना भार टाचेवर नको, चवड्यावर हवा, टाच मॅटपासून कागदाइतकी सुटलेली. लाथ पोहोचते त्या क्षणी टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळलेली हवी. हे एका बैठकीत येत नाही. भिंतीला हात लावून असा सराव करा:

हाना: गुडघा वर, टाच ढुंगणाजवळ.
दुल: खालची टाच लक्ष्याकडे फिरवा आणि त्याच वेळी पाय सरळ करा, पायाच्या वरच्या बाजूनं मारा.
सेत: गुडघा परत दुमडा. इथे एक सेकंद थांबा.
नेत: पाय खाली.

प्रत्येक पायानं दहा, आठवड्यातून चार दिवस, गुडघ्याच्या उंचीवरच. 'सेत'ला थांबता येत नसेल तर तुम्ही लाथ मारत नाही, पडता पडता पाय फेकत आहात. फोन गुडघ्याच्या उंचीवर ठेवून चित्रण करा आणि पाहताना फक्त खालचा पाय पाहा. उंची पुढे आपोआप येते. बाजूची लाथ 'योप चागी' आणि वरून खाली येणारी 'नेर्यो चागी' यानंतरच.

८. पहिला पूमसे: तेगुक इल जांग

आठ तेगुक पूमसे जुन्या आठ त्रिरेखांवर, म्हणजे तीन-तीन रेषांच्या चिनी चिन्हांवर, बेतलेले आहेत. पहिला 'कॉन', म्हणजे आकाशाचा. यात नवीन काहीच नाही: आप सोगी, आप कुबी, तीन उंचीचे बचाव, मधला ठोसा आणि आप चागी. सुरुवात डावीकडे वळून डाव्या हातानं आरे माक्की, मग उजवं पाऊल पुढे टाकून ठोसा. शेवटच्या ठोशाला किहाप.

पाठ होतंय का यापेक्षा कुठे संपतंय ते पाहा. सुरू केलं त्या जागेवर खडूची खूण करा. शेवटी दोन पावलं पुढे किंवा मागे निघालात तर पवित्र्यांची लांबी सारखी नाही. बहुतेक वेळा आप सोगी लांबते आणि आप कुबी आखडते. आठवड्यातून एकदा ही खूण तपासली तर आरशाची गरज पडत नाही. वळताना आधी मान, मग पाय. नजर न वळवता वळणारा माणूस तोल घालवतो.

९. दुखलं तर

दुसऱ्या दिवशी स्नायू जड होणं साहजिक आहे. पण गुडघ्यात 'कट्' असा आवाज येऊन काही तासांत सूज आली, घोट्यावर चार पावलंही टाकता येत नाहीत, किंवा डोक्याला लाथ लागून मळमळ, गरगर झाली, तर बर्फ लावून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डोक्याला मार लागलेल्याला त्या दिवशी पुन्हा मॅटवर उभं करायचं नाही.

पावसाळ्यात क्लासभर चिखल्या आणि नायटा पसरतो. सरावानंतर पाय साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मॅटबाहेर पडताना चप्पल घाला. त्याच अनवाणी पायांनी स्वच्छतागृहात जाऊन परत मॅटवर येणं हेच पसरण्याचं मुख्य कारण.

१०. परीक्षा, प्रमाणपत्रं आणि नावाचं स्पेलिंग

रंगीत पट्ट्याची परीक्षा साधारण तीन महिन्यांनी असते. तयारी नसेल तर एक परीक्षा सोडा; मुलाला रडू येईल, पण कच्च्या पायावरचा हिरवा पट्टा पुढे फार महागात पडतो. काळ्या पट्ट्याला वयाची अट आहे. १५ वर्षांखालच्यांना कुक्कीवोन 'पूम' देतं आणि त्यांचा पट्टा लाल-काळा असतो. पंधरा पूर्ण झाल्यावर तो 'दान'मध्ये, म्हणजे मोठ्यांच्या काळ्या पट्ट्याच्या पायरीत, बदलून घेता येतो. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, तिसऱ्यासाठी पुढे दोन, चौथ्यासाठी तीन वर्षं थांबावं लागतं.

क्लासचं, जिल्हा संघटनेचं आणि कुक्कीवोनचं प्रमाणपत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सरांनी "इंटरनॅशनल सर्टिफिकेट" म्हटलं तर ते कुणाचं, हे विचारा; कुक्कीवोनचा दान क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. दहावी-बारावीचे क्रीडागुण किंवा सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण डोळ्यांसमोर असेल तर पट्टा तिथे उपयोगाचा नाही. तिथे मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते, आणि आपल्या देशात या खेळाच्या संघटना एकाहून अधिक आहेत. स्पर्धेची फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन, ही स्पर्धा धरली जाते का, ते विचारून या.

दानाचा अर्ज भरताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळवून लिहा. पासपोर्ट नसेल तर आधारवर आहे तसं. घरी 'स्नेहल' दोन तऱ्हांनी लिहिलं जात असेल, आडनाव कधी आधी कधी शेवटी येत असेल, वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही, तर हे अर्जाआधीच ठरवा. भरलेल्या अर्जाचा फोटो काढून ठेवा, जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमानं भरली आहे की उलट, ते सरांबरोबर बसून एकदा वाचा आणि मगच सही करा.